निळ्या बटणाचा सुरा

हे घडलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या. पण जिच्या बाबतीत घडलं ती ताई माझी सख्खी आतेबहीण, थट्टेतसुद्धा खोटं न बोलणारी.

आणि रात्र नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती.

ताई तेव्हा लष्करी संग्रहालयात कामाला होती. ते एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात थाटलेलं होतं. लहानपणी आम्ही दोघी तिथूनच फडक्यात गुंडाळून बर्फ आणायचो आणि घरी पोचेपर्यंत निम्मा चोखून संपवायचो. जिथे बर्फाच्या लाद्या रचत, तीच खोली पुढे ताईची झाली. खिडकी नाही. हातभर जाड भिंती. दारही तसंच जाड, आणि त्याला कडी फक्त बाहेरून. कोरडी जागा, लोखंडाला गंज धरत नाही, म्हणून जुनी हत्यारं तिथे. ताई आत असली की दार लागू नये म्हणून त्याला लाकडी पाचर मारून ठेवायची.

तिचं काम सुऱ्यांची ओळख पटवण्याचं. हत्यारांच्या कारखान्यात बनलेल्या सुऱ्यावर छाप असतो. पण लढाईत सैनिक स्वतःच्या हातानेही सुरे करत. मोडकी कानस घ्यायची, तापवून ठोकायची, मूठ मिळेल त्याची बसवायची. अशा सुऱ्यावर नावगाव नसतं.

"मग मुठीलाच विचारायचं," ताई म्हणायची.

त्या सुट्टीच्या दिवशी ती गेली, कारण दुसऱ्या दिवशी एक म्हातारी शिंपीणबाई येणार होती. बाई आईच्या पोटात असतानाच तिचे वडील लढाईवर गेले, ते आले नाहीत. गोळी लागून जागीच गेले, त्रास झाला नाही, असं घरी कळवलं होतं. आता लष्कराच्या कचेरीतून एक सुरा आला होता. कुठे सापडला, ते कोणी सांगितलं नव्हतं.

"माझ्या बाबांचा आहे का, एवढंच सांगा," बाई म्हणाली होती. "ते डावखुरे होते. आणि मुठीच्या टोकाला आईच्या कोटाचं निळं बटण बसवलंय, असं त्यांनी आईला पत्रात लिहिलं होतं."

ताईने सुरा दिव्याखाली धरला. पात्यावर मुठीजवळ कानशीचे दाते अजून दिसत होते. टोकाला निळं बटण. मुठीचं चामडं अंगठ्याने दबलेलं, पण उलट्या बाजूला. डावा हात.

ओळख पटली होती. ताई खूश झाली.

मग तिने भिंग पुढे सरकवलं.

धार कोरी होती. त्या सुऱ्याने कधी कोणाला कापलं नव्हतं.

पण टोक...

टोक बोथट. एका अंगाने झिजून गेलेलं. बारीक बारीक ओरखडे, आणि त्यांत पांढरा चुना. दगडावर धार लावली की झीज सारखी होते. ही तशी नव्हती. कोणीतरी कोंडल्या जागेत भिंत खरवडत बसलं होतं.

खूप वेळ.

तो माणूस जागीच गेला नव्हता.

ताईने सुरा टेबलावरच्या मखमली कापडावर ठेवला आणि भिंग बाजूला सारलं. "ओळख पटली नाही म्हणून सांगून टाकू," ती स्वतःशीच म्हणाली. "या वयात कशाला तिच्या जिवाला घोर?"

दार लागलं.

आपटलं नाही. झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावावं, तसं... हळूच.

बाहेर कडी पडली.

पाचर टेबलाखाली होती, ताईच्या चपलेला टेकून. दारापासून इतक्या लांब.

ताईने हाका मारल्या. हात दुखेपर्यंत दार बडवलं. त्या भिंती आवाज गिळून टाकायच्या. पहारेकरी नाना जेवायला घरी गेलेला. खोलीत वारा यायला सुईएवढी फट नाही, हे ताईला नको तितकं चांगलं ठाऊक होतं.

थोड्या वेळाने श्वास जड व्हायला लागला.

आणि मग...

खर्र.

ती थिजली.

खर्र... खर्र...

भिंतीपलीकडून नव्हे. आतूनच. तिच्या शेजारी, दारावर, डोक्यापेक्षा वर.

दिवा चालूच होता. गेला असता तर बरं झालं असतं, असं ताई म्हणते. कारण उजेडात तिथे कोणीच नव्हतं.

तिने टेबलाकडे पाहिलं. मखमली कापडावर सुऱ्याचा दबलेला आकार होता.

सुरा नव्हता.

खरवडणं दमायचं. थांबायचं. कोणी हात झटकावा, दम खावा, तेवढा वेळ जायचा.

पुन्हा खर्र...

 ताई दाराला पाठ लावून खाली बसली आणि कशीबशी बोलली.

"ओळखलं मी. सुरा तुमचाच आहे. तुम्ही लगेच गेला नाहीत. सुटायला बघत होतात... सांगते मी मुलीला. सगळं सांगते."

आवाज थांबला.

मग कडी वाजली आणि ताई उताणी बाहेर पडली, थेट नानाच्या पायांवर.

"अहो ताई, सुट्टीचं काय सुतारकाम काढलंत आत?" नाना म्हणाला. "पार रस्त्यापर्यंत खरवडल्याचा आवाज येतोय."

"आणि माझ्या हाका?"

"हाका? कोणाच्या हाका?"

सुरा कापडावर जागच्या जागी होता. टोकाला लाकडाचा ताजा भुसा. दाराच्या आतल्या बाजूला, ताईचा हात पुरणार नाही इतक्या उंचीवर, तिरके ओरखडे होते. 

सोमवारी ताईने शिंपीणबाईला सगळं सांगितलं. बाई रडली नाही. बटणावरून अंगठा फिरवत राहिली.

"आमच्या कपाटात रोज खरवडायचं," ती म्हणाली. "मी लहान होते तेव्हापासून. आई म्हणायची, उंदीर असेल. मी पण म्हणत आले. पण बाई, उंदीर झाला म्हणून काय इतकी वर्षं जगतो?"

सुरा पदराखाली धरून ती गेली. काही दिवसांनी तिचा फोन आला.

"ताई, घर अगदी शांत झालं बघा. जन्मात पहिल्यांदा झोप लागली."

"बरं झालं," ताई म्हणाली. एवढंच म्हणाली.

परवा मी ताईकडे गेले होते. तिच्या घरात आता एकाही कपाटाला दार नाही. न्हाणीघराला नुसता पडदा. आम्ही चहा घेत बर्फाच्या आठवणी काढत होतो. ती हसत होती.

मध्येच तिच्या मागच्या भिंतीतून...

मी कप खाली ठेवला. भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

ताईने मान वर केली नाही.

"उंदीर असेल," ती म्हणाली.