दर रविवारी एक दीर्घिका

खालापुरातल्या शाळेच्या सभागृहात पडद्यावर शनी फिरवून झाला आणि निवेदिताने आकाशगंगेबाहेर उडी मारली. भर पावसाळ्यात खरं आकाश दिसायचं नाही. म्हणून कर्जतची ही शिक्षिका लॅपटॉप घेऊन शाळाशाळांतून संगणकावरचं आकाश दाखवत फिरायची.

"इथून पुढे जरा भरभर जाऊ," ती म्हणाली.

"भरभर का?" पावसापुरता आत शिरलेला एक तरुण दारात उभा होता. छत्री गळत होती.

"कारण हे सॉफ्टवेअर करणाऱ्याचा उत्साह शनीपाशीच संपला. पुढच्या सगळ्या दीर्घिका म्हणजे एका साच्यातल्या इडल्या."

मुलं हसली. तोही हसला; कान मात्र लाल झाले.

नंतर तो केबल गुंडाळायला पुढे आला. "मी यज्ञेश. इथलाच. आणि… त्या इडल्या माझ्या."

"अहो, मग आधी सांगायचं ना!"

"मग खरं ऐकायला मिळालं नसतं. काय काय हवंय तुम्हाला?"

"सर्पिल भुजा. धुळीचे काळे पट्टे. तारे जन्मतात ते गुलाबी ढग. जवळ गेलं की नुसतं धुकं नको." ती थांबली. "फार झालं?"

"नोकरी सांभाळून करतो मी हे. एका वेळी एक जमेल."

तेव्हापासून दर रविवारी तो कर्जतला तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेत यायचा, एक नवी दीर्घिका घेऊन. देवयानी आली— तिरपी, कडेला निळसर. पडद्यापाशी वाकलेली दोन डोकी जवळ यायची, चहा निवून जायचा.

"हा पट्टा जरा ठळक झालाय," निवेदिता म्हणायची.

"लग्नाच्या पंगतीतही तुम्ही मीठ कमी म्हणून सांगत असाल."

"कमी असलं तर सांगतेच."

पट्टा ठीकच होता. पण काम संपलं की हा यायचा थांबेल, एवढं तिला कळत होतं. म्हणून हल्ली ती चुका शोधून शोधून काढायची.

दिवाळीनंतरच्या रविवारी तो चहा आणायला खाली गेला. निवेदिताने सहज माऊस पुढे सरकवला. शेजारची दीर्घिका उलगडली. तिच्या पुढचीही… भुजा, धूळ, गुलाबी ढग, सगळं जागच्या जागी. ती पुढे पुढे जात राहिली. अपुरं असं काही सापडेना.

यज्ञेश कप घेऊन दारातच थबकला.

"हे कधीचं तयार आहे?" तिने विचारलं.

"…दसऱ्यापासून."

"आणि मला रविवारी एकच?"

"सगळं एकदम दिलं असतं, तर पुढच्या रविवारी काय सांगून आलो असतो?"

निवेदिताने कप घेतला. ओठांवरचं हसू काही केल्या दबेना. "मीही गेले कित्येक रविवार खोट्याच चुका काढतेय."

तो बघतच राहिला. "म्हणजे… आता काम संपलं."

"संपलं." तिने लॅपटॉप मिटला. "माथेरानच्या पायथ्याशी आता आकाश छान दिसतं. रविवारी जाऊ या?"

"लॅपटॉप आणू?"

"नको," ती म्हणाली. "नुसता तू ये."