छायासभेतला अविश्वास ठराव

शर्वाणी कारखानीस यांनी पोह्यांचा पहिला घास घेतला आणि भिंतीवरच्या पडद्यावर स्वतःचं सरकार पडताना पाहिलं.

ते सरकार अजून यायचं होतं. कोकण किनाऱ्यापासून दूर, समुद्रावर तरंगणाऱ्या सागरवाडी या नव्या स्वायत्त शहराला आज संध्याकाळी आपली राज्यपद्धती निवडायची होती. त्यासाठी 'छायासभा' ही यंत्रणा बांधली होती. ती प्रत्येकाच्या रोजच्या, अगदी घरातल्याही बोलण्यावरून त्याची संगणकीय छाया घडवी आणि साऱ्या छायांना पुढची काही वर्षं जगायला लावी, एकदा अध्यक्षीय पद्धतीत आणि एकदा संसदीय. यंत्रणेपासून कुणी काही लपवू नये, हा आग्रह हंगामी प्रमुख शर्वाणीबाईंचाच. संसदीय पद्धतीचा प्रचारही त्या तितक्याच हिरिरीने करत होत्या.

अध्यक्षीय खेपेत लोकांनी त्यांना थेट निवडून दिलं. मुदत पक्की होती. पुढे पाणी कमी पडलं आणि त्यांनी उत्तरेकडच्या तराफ्याचा पुरवठा तोडला. सभा ओरडत राहिली, पण गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय अध्यक्षाला हटवता येत नव्हतं. मुदत संपेपर्यंत तो तराफा ओस पडला.

संसदीय खेपेतही त्यांनी तेच केलं. पण इथे प्रमुख सभेच्या विश्वासावर टिकणार. सागरवाडीच्या सभेत पाठीराखे प्रमुखाच्या सतरंजीवर बसत. पाठिंबा काढायचा तर उठून समोरच्या सतरंजीवर जायचं. सगळ्यांत आधी उठला हेरंब धायगुडे. त्याच्यामागून बाकीचे उठले आणि सरकार पडलं. पाणी पुन्हा सुरू झालं, तराफा वाचला.

हाच हेरंब. शहराचा पहिला तराफा त्यांच्याबरोबर बांधणारा, त्यांना ताई म्हणणारा. आत्ता तो त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा गाळत होता.

"तू पाहिलंस हे?"

"मागच्याच आठवड्यात."

"यंत्र चुकलंय, असं म्हण की रे!"

"नाही ताई. माझ्याच बोलण्यावरून शिकलंय ते. वर्षभर घरी हेच बोलतोय. पाण्याचा विषय निघाला की तू कुणाचं ऐकत नाहीस."

"बायकोला सांगितलंस, यंत्राला सांगितलंस. मला का नाही?"

हेरंबने कप पुढे ठेवला. "ऐकलं असतंस?"

शर्वाणीबाईंनी कप बाजूला सारला. पराभव त्यांनी पचवला असता. पण ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकला, त्यानेच वर्षभर गोड बोलावं आणि मनात दुसरंच ठेवावं? हा विश्वासघातच होता. मग मोहही झाला. लोक त्यांचं ऐकत. 'माझं चुकलं, अध्यक्षच निवडा' एवढं म्हटलं की झालं, मुदतभर कुणी हटवू शकणार नाही. बसा मग सतरंज्या बदलत!

संध्याकाळी भरसभेत उभ्या राहिल्या तेव्हाही त्यांचा राग उतरला नव्हता. तरी त्यांनी दोन्ही खेपा लोकांना दाखवल्या, ओस पडलेल्या तराफ्यासकट.

"मला हटवता येईल, अशीच पद्धत निवडा," एवढंच त्या म्हणाल्या.

मग आपल्या सतरंजीवर येऊन थोडं सरकून त्यांनी हेरंबला जागा करून दिली. त्याच्याकडे न बघताच विचारलं, "उठून समोर जाशील, त्याआधी एकदा माझ्या तोंडावर सांगशील ना रे?"