उत्तराला उशीर होईल

केळीची रोपं बाटलीत वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत चहाच्या सुट्टीत तेजल नेहेतेने फोन उघडला तेव्हा ताईचं उत्तर येऊन बसलं होतं. 'छान गं तेजू. तुला सोपं पडेल तसं कर. स्वतःची काळजी घे.' इतक्या गोड उत्तराने कुणाचाही जीव निवला असता. तेजलने मात्र ते पुन्हा पुन्हा वाचलं. तिने सकाळी ताईला कळवलं होतं की रविवारच्या भरीत पार्टीला वांगी गॅसवर भाजणार आणि मिक्सरमधून काढणार.

जळगावबाहेरच्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही, म्हणून सांगायला हवं. लेवा पाटलांच्या घरात भरताची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. मिक्सरचं नाव काढणाऱ्याला पंगतीतून उठवत नाहीत एवढंच. आणि शलाकाताई तर लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा रुखवतातली भांडी मागे ठेवून बडगी घेऊन गेलेली बाई. ती 'छान' म्हणेल?

त्या वर्षापर्यंत प्रतिवाचा घरोघरी पोचली होती. फोनमधली ही सोय माणसाचे जुने संदेश आणि बोलणं शिकून घेई आणि त्याच्या वतीने, त्याच्याच आवाजात उत्तरं देई. वाढदिवसाच्या शुभेच्छा, सोसायटीची भांडणं, सासरच्यांची विचारपूस, सगळं तीच बघे. भुसावळात तर दोन घरांच्या प्रतिवाचांनी आपसात बोलून साखरपुड्याची तारीख ठरवून टाकली आणि नवऱ्यामुलाला ती आचाऱ्याकडून कळली. कचेरीच्या कामात ती वापरली तर तसं सांगणं कायद्याने बंधनकारक होतं. घरच्या माणसांना सांगायचं की नाही, हे कायद्याने ज्याच्या त्याच्या मनावर सोडलं होतं. कायदे करणाऱ्यांचा माणसाच्या मनावर एवढा विश्वास कुठून येतो, कुणास ठाऊक.

तेजलला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार होता. शेगडी पेटते पण आच कमी करायचं बटणच नाही, म्हणून दूध रोज उतू जातं, असं ती स्वतः सांगे. कुणी उत्तर द्यायला उशीर केला की तिला वाटे, संपलं, हे माणूसही गेलं. मग ते जाण्याआधी आपणच तोडून टाकायचं. या तोडातोडीत मैत्रिणी गेल्या, ठरलेलं लग्न गेलं, आणि एकदा तिचा जीवही जाता जाता राहिला. लोक म्हणत, नाटकी आहे. नाटक करणाऱ्याला पडदा पडल्यावर घरी जाता येतं. तिला ती सोय नव्हती.

त्यानंतर ती तांबोळी मॅडमकडे उपचाराला जाऊ लागली. शनिवारी तिच्यासारख्यांचा गट बसे. तिथे ती मनात उठणारी लाट ओळखायला शिकली, गार पाण्यात हात बुडवून आधी शरीर शांत करायला शिकली, आणि मॅडमचा आवडता प्रश्न स्वतःला विचारायला शिकली: घडलं काय, आणि मी त्यातून वाचलं काय? ऐकायला हे सगळं बालवाडीतलं वाटतं. पण घर पेटलेलं असताना आत उभं राहून हा प्रश्न विचारायला जी हिंमत लागते, ती भल्याभल्यांकडे नसते. तेजल ती रोज गोळा करत होती, आणि कुणी टाळ्या वाजवत नव्हतं.

ताई या सगळ्यात तिच्यासोबत होती, पण आपल्या पद्धतीने. 'कुकर लावलाय, नंतर,' 'तेजू, डोकं नको खाऊ' असे तिचे संदेश असत. दिवाळीनंतर मात्र ताई फारच चांगली झाली. वेळ कुठलीही असो, उत्तर लगेच आणि मऊ. दुसरी कुणी खूश झाली असती. दुसऱ्याच्या आवाजातला केसाएवढा फरक टिपणं हा तेजलच्या दुखण्याचाच भाग होता, आणि तिने शेवटी मिक्सरचा खडा टाकून पाहिला होता.

लाट आली. इतके महिने ती आपलं काळीज एका यंत्रापुढे उघडं करत होती तर. ताईने सुटका करून घेतली होती. 'तू मला मेलीस' एवढं लिहून कायमचा विषय संपवायला तिची बोटं शिवशिवू लागली. आत तिच्या टेबलावर केळीची रोपं कापायचं पातं होतं. तिला ते आठवलं, आणि ते का आठवलं हेही तिने ओळखलं. ती सरळ पर्यवेक्षक देवरेबाईंकडे गेली आणि म्हणाली की आज मला पात्याच्या कामावर बसवू नका. देवरेबाईंनी कारण विचारलं नाही, तिला रोपं ठेवायच्या जाळीघराकडे पाठवलं.

जाळीघराच्या नळावर तिने बादलीत प्रयोगशाळेतून आणलेला बर्फ टाकून दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवले. दात वाजायला लागले तेव्हा कुठे डोकं तिचं झालं. मग तिने मॅडमना फोन लावला.

मॅडमनी आधी ती सुरक्षित आहे ना ते विचारलं, पात्याचं ऐकल्यावर शाबासकी दिली, आणि मग म्हणाल्या, "आता सांग. घडलं काय?"

"ताईने माझ्यासाठी प्रतिवाचा लावली."

"आणि वाचलं काय?"

"तिला मी नकोशी झालेय."

"या दोहोंच्या मध्ये काय आहे, ते तुला ठाऊक आहे का?"

तेजलला ठाऊक नव्हतं. हे कबूल करणं तिला त्या बर्फापेक्षा जड गेलं.

तिने ताईला फोन केला. "बोल गं तेजू," ताईचाच आवाज, लोण्यासारखा. तेजल म्हणाली, "माझ्या खऱ्या ताईला निरोप दे. मला तिच्याशी बोलायचंय. चिडलेली असली तरी चालेल." आवाज निरोप देते म्हणाला.

मग कुणाचाच फोन आला नाही. ही खरी परीक्षा. जाळीघरात बाटलीतून नुकती बाहेर काढलेली रोपं ओळीने ठेवलेली होती. बाटलीत त्यांना सगळं आयतं मिळतं, म्हणून एकदम उन्हात ठेवली तर माना टाकतात. आधी सावलीत, मग थोडी उन्हं, थोडा वारा. याला इथे हार्डनिंग म्हणतात. तेजल त्यांना पाणी फवारत राहिली. दर थोड्या वेळाने लाट येई, ती 'आली' म्हणे, आणि फवारत राही. माझ्या मते त्या दुपारी जळगावात याहून अवघड काम कुणी करत नव्हतं.

उन्हं कलल्यावर ताईचा फोन आला. ती रडत होती.

शाळेत शिकवताना, मुलाचा ताप बघताना, प्रत्येक वेळी फोन वाजला की तिला वाटे, तेजूचंच काही झालं. तेजलचा जीव जाता जाता राहिला त्या दिवशी तिने हाक मारली होती आणि ताईने 'नंतर' म्हटलं होतं, आणि नंतर दवाखान्यातच भेट झाली होती. तेव्हापासून 'नंतर' लिहिताना ताई प्रत्येक वेळी घाबरे. रक्तदाब वाढला. मग तिने प्रतिवाचा लावली. ती म्हणाली, "तुला थांबायला लागू नये म्हणून व माय. रात्री झोपण्याआधी मी सगळं वाचायची. एकेक अक्षर."

तेजल म्हणाली, "मला खूप राग आलाय, ताई. पण मी फोन ठेवत नाहीये."

पलीकडून हुंदका आला.

"तू मला 'नंतर' म्हण," तेजल म्हणाली. "कधी ते सांग, आणि तेव्हा ये. मधलं मी बघते."

"बघशील?"

"आज बघितलं ना."

ताईने नाक पुसल्याचा आवाज आला. मग तिचा सूर चढला. "आणि काय व, मिक्सरमधून? शोभतं का तुला? काय करून राहिली तू?" तेजल इतकी हसली की हातातला फवारा तिच्याच अंगावर उडाला.

रविवारी ताई बडगी घेऊन आली. अंगणात काड्यांचा धूर मावला नाही, वांगी ठेचता ठेचता दोघी मिरच्यांवरून भांडल्या. ताईने कोपराने फोन पुढे ओढला. प्रतिवाचा बंद करायची होती. पडद्यावर प्रतिवाचेची शेवटची विचारणा उमटली आणि ताईने हात भरलेले दाखवून फोन तेजलकडे सरकवला.

तेजलने ती वाचली. त्या आवाजाने किती अवघड वेळी तिला सांभाळलं होतं, हे तिला एकदम आठवलं. तेही काही खोटं नव्हतं. तिने ओढणीला हात पुसले. आजवर लोकांनी तिला उत्तर दिलं होतं किंवा सोडून दिलं होतं. असं तिला कुणी विचारलं नव्हतं.

'ही सेवा बंद केल्यास तेजल यांना उत्तर मिळायला कधीकधी उशीर होईल. चालेल का?'