पळता बाण

शिंपीणबाई दारातूनच बोलू लागल्या आणि नानांचा चहा तसाच राहिला.

"आक्का, आमच्या कॉम्प्युटरवरचा बाण आपोआप पळतो! माझा हात माऊसवर नसतानासुद्धा. भरतकामाची वेल काढते, तर मधूनच रेघोट्या!"

आक्कांनी टेलिफोन खात्यात तीस वर्षं बिघाड शोधले होते. आता त्या लोकांच्या भानगडी शोधत. धाकटे भाऊ नाना मदतीला असत. म्हणजे पिशवी धरत आणि भलत्याच माणसावर संशय घेत.

"रेघोट्यांपायी कुणाचे डोळे एवढे सुजत नाहीत," आक्का म्हणाल्या. "खरं सांगा."

बाईंचा बांध फुटला. त्यांनी धाकट्या जावेवर आळ घेतला होता. सेकंडहँड कॉम्प्युटर घ्यायला तिचाच विरोध, आणि त्या खोलीत ऊठबसही तिचीच. दीर कामासाठी परगावी. धाकटी आज पाचच्या गाडीने माहेरी निघाली होती, आणि परत येणार नाही म्हणत होती.

तीन वाजता दोघं त्यांच्या घरी पोचली.

"विकणाऱ्याचंच काम," नाना कुजबुजले. "दुरून चालवत असणार."

"इंटरनेट बंद केलं तरी पळतो," बाई म्हणाल्या. नानांनी दुसरा संशयित शोधायला घेतला.

"कधीपासून?" आक्कांनी विचारलं.

"सोमवारपासून. काल दुपारी मात्र दोन तास अगदी शहाण्यासारखा वागला."

"याच्याबरोबर माऊस नव्हता आला?"

"आला होता, पण मेलेला. हलवा, आपटा, ढिम्म! म्हणून हा नवा आणला. जुना कुठे गेला कोण जाणे."

कॉम्प्युटरच्या मागे अंधार होता. धाकटीने विजेरी आणून दिली, पण ती लागेना.

"सेल कुणी काढले? रविवारीच घातले होते मी," ती थोरलीकडे न बघता पुटपुटली.

नाना चाचपडत म्हणाले, "नखाएवढे दोन तुकडे खोचलेत इथे. एक नवाकोरा, एक धुळीने माखलेला."

"असू देत." आक्का धाकटीकडे वळल्या. "तुला कॉम्प्युटर का नको होता गं?"

"ताईंचे डोळे दुखतात म्हणून. तेच सांगायला गेले, तर मी वाईट ठरले."

भिंतीपलीकडच्या खोलीत बाईंचे यजमान, म्हणजे मास्तर, कागदी नमुना कापडावर ठेवून बेतत होते. कागद हलू नये म्हणून एका टोकाला पितळी वजन होतं आणि दुसऱ्या टोकाला टाचण्या खोचायची लाल मखमली गादी.

"त्या यंत्राला मी हातही लावत नाही," ते ओठांतल्या टाचण्या सांभाळत म्हणाले. "काल दुपारी तर अस्तर आणायला बाजारात होतो."

"गादी झकास आहे," नाना म्हणाले.

"मीच बनवली! आधी फार हलकी होती, कागद उडायचा. आता वजनाचंही काम करते."

आक्का हसल्या. त्यांनी बाकीच्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवलं आणि स्वतः मधल्या दारात उभ्या राहिल्या. "मास्तर, एक बाही बेता बघू."

मास्तरांनी गादी डावीकडे सरकवली. बाण डावीकडे पळाला. त्यांनी दाबून टाचणी खोचली आणि गादी ओढली. वेलीवर आडवी रेघ उमटली.

"अगं बाई!" थोरली ओरडली.

आक्कांनी गादी उचलून उलटी केली. खाली लाल दिवा चमकत होता. "हा तुमचा जुना माऊस. मास्तरांनी त्याच्या पाठीवर गादी शिवली."

"पण तो मेला होता हो!" मास्तर म्हणाले.

"मेला नव्हता, उपाशी होता. वजन वाढवायला तुम्ही विजेरीचे सेल त्याच्या पोटात भरलेत आणि तो उठून बसला. सेल रविवारनंतर गेले, बाण सोमवारी पळाला. काल तुम्ही बाजारात गेलात, तेवढाच वेळ तो शांत. हा बिनतारी माऊस; याची हालचाल कॉम्प्युटरला कळवणारा मागचा धुळकट तुकडाही याचाच. नाना सांगत होता दोन तुकडे, पण टेबलावर माऊस एकच! तेव्हाच मला दुसऱ्याचा सुगावा लागला."

"मीही तेच म्हणणार होतो," नाना म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

थोरली धाकटीसमोर जाऊन उभी राहिली. "चुकलं माझं. विचारायच्या आधीच तुला दोषी ठरवलं."

"घरात आपण तीन माणसं, ताई. संशय माझ्यावरच का?"

"यांच्यावर कसा घेणार? यांना माऊस कशाशी खातात तेही ठाऊक नाही."

धाकटीला हसू आवरेना. मास्तरही ओशाळून हसले. पण तिने माहेरी न्यायची भरलेली पिशवी उचललीच. थोरलीचा चेहरा पडला.

"म्हणजे जाणारच तू?"

"जाणार. आईला येते म्हणून कळवलंय. पण आता आठच दिवस. आणि गाडीवर सोडायला तुम्हीच यायचं."

"आठ नाही, चार," थोरली म्हणाली आणि चपला शोधू लागली.