हिरव्या दिव्याचं वय

कोल्हापूरबाहेरच्या त्या स्टुडिओत सकाळपासून सगळं सज्ज होतं. नुसता कॅमेरा चालत नव्हता. त्याच्या कुलपावर लाल दिवा लागला होता, आणि नव्या बालकलाकार कायद्याप्रमाणे तो हिरवा होईपर्यंत खुद्द दिग्दर्शकालाही कुलूप उघडता येत नव्हतं.

"तुमचं यंत्र बिघडलंय," दिग्दर्शक भोसेकर तावातावाने म्हणाले. डॉ. मुक्ता धोंगडे शांतपणे ऐकत होती. कुलपाला जोडलेला क्रीडामापक तिनेच बनवला होता, त्यामुळे कुठेही तक्रार झाली की तिलाच पिटाळलं जाई. "जुई चहाच्या सुट्टीत हुंदडते तेव्हा दिवा हिरवा. कॅमेऱ्यासमोर आली की लाल!"

"मग बरोबरच सांगतोय की तो. कायदा काय म्हणतो? मुलाने कॅमेऱ्यासमोर खेळावं, राबू नये. मूल खेळतं तेव्हा पुढे काय होणार याचा अंदाज बांधत असतं, आणि अंदाज चुकला की खूश होतं. त्या वेळी मेंदूत एक लहर उठते. तेच मूल मोठ्यांची मर्जी राखायला लागलं की लहर बसते. मुलाच्या कानामागे लावलेल्या पट्टीला ते लगेच कळतं."

"आणि वय? ते का विचारत नाही तुमचं यंत्र?"

"जन्मदाखले खोटे निघायचे, म्हणून. ही क्रीडालहर खेळून खेळूनच मोठी होते. तिचा आकार पाहून यंत्र वय ओळखतं. त्याला फक्त एक अख्खं दृश्य लागतं. लहान मूल आढळलं, की त्याचं कुणीतरी सेटवर हवं. नाहीतर कुलूप बंद."

जुईचं माणूस हजर होतं. तिची आई कोपऱ्यात मटार सोलत बसली होती, आणि अधूनमधून "बास झालं आता, पोरीला भूक लागलीया," असं सगळ्या युनिटला सुनावत होती. सात वर्षांच्या जुईला मात्र घरी जायचं नव्हतं. आज हे दृश्य झालं नाही तर निर्माते तिच्या जागी संगणकावर घडवलेली प्रतिबालिका घेणार होते, आणि तिने तर अख्ख्या वर्गाला 'मी सिनेमात हाय' म्हणून सांगून टाकलं होतं.

दृश्य साधं होतं. आजी गावाला निघते, नात रडते.

"पूर्वी बरं होतं," भोसेकर पुटपुटले. "मूल रडवायचं असलं की सांगायचं, तुझी आई तुला सोडून गेली. एका टेकमध्ये ओके."

"मला सांगितलं होतं तसं," आजीचं काम करणाऱ्या कुमुद इनामदार म्हणाल्या. चौथ्या वर्षी त्या 'बेबी कुमुद' झाल्या, तेव्हापासून कॅमेऱ्यासमोरच होत्या. "आई पडद्यामागे उभी होती. ते मला टेक ओके झाल्यावर कळलं."

भोसेकर खजील झाले. मुळात माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता.

मुक्ताने जास्तीची पट्टी काढून कुमुदताईंच्या कानामागे लावली. त्या पट्टीवरचाही दिवा लाल.

"सापडलं," ती हळू आवाजात म्हणाली. "ताई, तुम्ही प्रत्येक वेळी तेच वाक्य, त्याच जागी, तसंच म्हणता. जुईचा अंदाज चुकतच नाही. समोरचा खेळत नसेल तर मूल तरी किती वेळ एकटं खेळणार?"

कुमुदताईंचा चेहरा पडला. "मला अभिनय येतो गं. खेळता नाही येत. कधी खेळलेच नाही."

जुईने डोळे मोठे केले. आजीएवढ्या बाईला खेळता येत नाही, हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं. "अगं, सोप्पं असतंय! हा घे चहा."

तिने रिकामा कप पुढे केला. कुमुदताईंनी तो घेतला. "मी कुठे उभी राहू?"

"कुठंबी!"

कुमुदताई गोंधळल्या, मग भलतीकडेच चुलीशेजारी फतकल मारून बसल्या. कपातला नसलेला चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे."

"चहा कुठाय? औषध हाय ते!"

कुमुदताईंनी असं काही तोंड वाकडं केलं की जुई हसून लोळली. दोन्ही दिवे हिरवे झाले. भोसेकरांनी श्वास रोखून कॅमेरा सुरू केला.

"आता तू नात," जुईने हुकूम सोडला. "आन् मी आजी. मी चालले गावाला." तिने पिशवी उचलली आणि मागे न बघता पडद्याआड गेली.

कुमुदताई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा ओठ थरथरला आणि त्या रडू लागल्या, अगदी लहान पोरीसारख्या, नाक ओढत. भोसेकर घाबरून मुक्ताकडे वळले. तिने दिव्याकडे बोट केलं. हिरवा!

पडद्याआडून जुई धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. "येडी का काय! मी खोटं-खोटं गेले हुते!"

"ठाऊक होतं गं मला," कुमुदताई रडता रडता हसल्या. "म्हणून तर रडले."

सेटवर टाळ्यांचा कडकडाट झाला. "सगळं उलटंच झालं!" भोसेकर डोळे पुसत ओरडले. "पण लिहिलेलं जाऊ दे खड्ड्यात, हेच ठेवायचं! जुई, तूच राहणार सिनेमात! चला, आणखी एक घेऊ, जवळून!"

खट्‌कन कुलूप लागलं. मुक्ताने यंत्रावर उमटलेली अक्षरं वाचली, मग पुन्हा वाचली.

"आता काय बिघडलं?" भोसेकरांनी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "न वापरलेली लहर मोठी होत नाही. होती तिथेच थांबते. यंत्र म्हणतंय, सेटवर दुसरी बालकलाकार आढळली आहे. वय वर्षं चार. हिच्याबरोबर कोण आहे?"

सगळे कुमुदताईंकडे बघू लागले. त्यांच्याबरोबर कुणी आलेलं नव्हतं. कधीचंच कुणी येत नव्हतं.

"मी हाय की!" जुई म्हणाली. तिने कुमुदताईंचं बोट घट्ट धरलं आणि भोसेकरांना ठणकावलं, "आता बास. पोरीला भूक लागलीया."