दोघांचा एकच नंबर

नागपूरच्या मे महिन्यात भरदुपारी धरमपेठेत फिरणारा माणूस एक तर कुरियरवाला असतो, नाहीतर रजतसारखा कॅमेरे बसवणारा. बाकी शहाणी माणसं कूलरसमोर लोळत असतात. रजत डोक्याला दुपट्टा गुंडाळून गोपिकाताईंकडे पोचला, तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

ताई बैठकीत शिकवण्या घ्यायच्या. लकव्याचा झटका आल्यापासून त्यांचे वडील, चंद्रभानजी, मागच्या खोलीत खाटेवर टेकून असायचे. दोन वर्षांत मानही हलली नव्हती. शिकवता शिकवता त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून फिरता कॅमेरा हवा होता.

खोलीत ओल्या वाळ्याचा आणि औषधांचा वास कोंडला होता. रजतनं खाटेसमोर छताला कॅमेरा ठोकला, वायर बैठकीतल्या कंट्रोलरपर्यंत आणली. वीज देताच कॅमेरा गुरगुरत स्वतःभोवती फिरला. ताई दचकल्या.

"घाबरू नका ताई. लाइट आली का हा आधी आपल्या मनानं पूरा चक्कर मारते. आदत आहे त्याची."

मग सेटिंग. कॅमेऱ्याचा आणि कंट्रोलरचा बॉड रेट, म्हणजे बोलण्याचा वेग, सारखा लागतो. शिवाय कॅमेऱ्याला नंबर असतो. त्या नंबरानं हाक मारली तरच तो वळतो. रजतनं वेग जुळवला, कंट्रोलरवर नंबर १ घातला आणि त्याची दांडी डावीकडे ढकलली.

कंट्रोलरच्या पडद्यावरचं चित्र जागचं हललं नाही. चित्रातल्या चंद्रभानजींची मान मात्र हळूहळू डावीकडे वळली.

रजतनं दांडी उजवीकडे नेली. मान उजवीकडे आली.

"बाबा..." ताईंच्या तोंडून एवढंच निघालं.

रजत मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर चढला आणि कॅमेरा उघडून पाहिला. नंबर ठरवणारी आतली बटनं तीन नंबरवर होती.

"वायरवर दुसरं काहीच नाही ताई... मग एक नंबरवर कोण आहे?"

खालून चंद्रभानजी त्याच्याकडे बघत होते. डोळे पाण्यानं भरलेले. हे बरं होणं नव्हतं, रजतला आतून कळलं. कंट्रोलरवर तीन नंबर घालून निघून जावं, असं त्याच्या मनात आलं. पण ताईंनी त्याचा हात धरला.

"डॉक्टरनं हात टेकले होते गा... आज हलले ना ते! कॅमेऱ्यालेपन एकच नंबर दे. मी कॅमेरा फिरवीन, तशी बाबाची कसरत होईन."

"मले हे बरोबर वाटून नाही राहिलं ताई..."

ताईंनी रडत हात जोडले. रजत विरघळला. त्यानं बटनं एक नंबरवर केली. आता दांडीबरोबर कॅमेरा आणि मान, दोन्ही वळू लागली. ताई रडतारडता हसल्या.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला आणि घर एकदम मुकं झालं. ताई हातपंखा घेऊन वडिलांच्या उशामागे जाऊन उभ्या राहिल्या. सुटलो एकदाचा, असं म्हणत रजतनं बॅग उचलली आणि तो व्हरांड्यात बूट घालायला बसला.

बैठकीतला पंखा पुन्हा फिरू लागला. लाइट आली होती.

रजतच्या हातातली लेस तशीच राहिली. आतून गुरगुर सुरू झाली होती.

"ताई! स्विच बंद करा! ताई!"

"रजत..." आतून ताईंचा आवाज आला, अगदी हळू. "बाबा माझ्याकडे पाहून राहिले..."

"तुम्ही कुठं आहा ताई?"

"मी... मी तर त्यायच्या मागंच उभी आहो ना..."