यादीत नसलेला ठिपका

एरवी मी थापा मारतो, हे रोह्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आधीच सांगतो. हे घडलेलं आहे.

एप्रिल १९९८. कासू स्टेशनपासून पाऊण तास चालत, खाडीकाठी माझ्या आत्याचं घर. आणि रात्र वगैरे नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते.

आत्याचा मुलगा सुजयदादा पुण्याला खगोलशास्त्रात पीएच.डी. करत होता. सुट्टीत त्याने अख्खा कॉम्प्युटर एसटीच्या टपावरून घरी आणला होता.

काम असं होतं. अवकाशातल्या एका दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे चाळीस फोटो काढले होते. दुर्बीण दर वेळी केसभर हलते, म्हणून प्रत्येक फोटोतले तारे थोडे सरकलेले. ओळखीच्या ताऱ्यांची एक छापील यादी होती; तिच्यातली एक खूण धरायची, ती एकाच जागी येईल असे सगळे फोटो सरकवायचे आणि एकावर एक रचायचे. सोमवारी सरांना द्यायचं होतं.

मी मदतनीस. बारावीला दोनदा बसलेला माणूस आकडे वाचून दाखवायला पुरतो.

"यादीतले तारे फार अंधुक आहेत," दादा वैतागून म्हणाला.

"मग हा मधला धर ना. टपोरा आहे."

"यादीत नाही तो."

"राहिला असेल. मतदार यादीत माझं नाव तरी कुठे आहे?"

दादा हसला. त्याने तो ठिपका धरला.

चूक माझी.

एकेक फोटो सरकत गेला. ठिपका मधोमध, जागच्या जागी. तारे मात्र त्याच्यापासून लांब लांब चाललेले.

आणि ठिपका... प्रत्येक फोटोत जरा मोठा.

चाळिसावा झाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पंखा फिरत होता...

पण आवाज नव्हता.

बाहेर कावळेही गप्प.

आत्या चहा घेऊन आली. मिठागरातून नुकतीच परतलेली, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. दादाने कपाकडे हात नेला.

हात कपाच्या वीतभर डावीकडे मिटला. रिकामा. तो त्याने तोंडाला लावला आणि घोट घेतला.

मी हसणार होतो. तेवढ्यात...

कपातला चहा कमी झाला.

"दादा, नाटकं पुरे."

"कसली नाटकं?"

आवाज त्याच्या तोंडातून आला नाही. वीतभर डावीकडून आला.

आत्या पडद्याकडे बघत होती. "खूण कसली धरलीत रे?"

मी ठिपका दाखवला.

"बांधावरून येताना आमी डोंगराची खूण धरतो," ती हळू म्हणाली. "दिव्याची कदी नाय. दिवा चालतो. धरणाऱ्यालाबी चालवतो. तुझे नाथाकाका तसेच गेले, पाण्यात."

दादा उठला. दाराकडे निघाला... दाराच्या वीतभर डावीकडे.

त्याचा खांदा भिंतीत गेला.

आपटला नाही. गेला.

खाडी त्याच बाजूला आहे.

आत्या त्याचा दंड धरायला गेली, हाताला काही लागलं नाही. मग तिने शेजारची हवा चाचपली आणि तीच घट्ट पकडली. दादा थांबला.

"मिथुन, सोडव त्याला."

मी बसलो. यादीतले तीन अंधुक तारे धरले आणि फोटो परत सरकवायला लागलो. इंग्रजीत नापास झालेला मी, त्या दिवशी एकही बटण चुकलो नाही.

दहा झाले. वीस झाले. खांदा भिंतीतून बाहेर आला. तिसाव्याला पंखा खडखडला. एकोणचाळिसाव्याला आत्याचा हात दादाच्या खऱ्या दंडावर टेकला, फक्त बोटभर बाजूला.

एकच राहिला होता.

...आणि लाइट गेली.

सहाला परत आली. चाळिसावा फोटो कॉम्प्युटरमध्ये नव्हता. बिघडला नव्हता. नव्हताच.

दादाने पीएच.डी. सोडली. आता पनवेलला नोकरी करतो, लग्न झालंय, ठीक आहे. फक्त सही रेघेच्या जरा बाजूला करतो. लोक म्हणतात, चष्मा बदल.

त्या दुपारी राहिलेला फरक एका बोटाचा होता.

या दिवाळीला त्याने प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला...

मला लागला नाही. दोन बोटं तरी बाजूला होता.

निघताना दिपिकावहिनी जिन्यात गाठून म्हणाली, "भावोजी, हे झोपेत रोज एकाच कडेला सरकतात. मी दंड धरून झोपते."

"दंड लागतो ना हाताला?" मी विचारलं.

तिने स्वतःचा दंड सोडून शेजारची हवा घट्ट पकडून दाखवली.